मदत हवी आहे: टायपिंगवाल्यांना लिबरऑफिसकडे कसं वळवायचं?

मंडळी, आमच्याकडे तहसील कचेरीसमोर टायपिंग-झेरॉक्सची दुकानं ओळीने आहेत. त्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला मी जातो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, जुन्या मशीनवर ११ चढत नाही. म्हटलं, या निमित्ताने विंडोजऐवजी लिनक्स मिंट आणि वर्ड-एक्सेलऐवजी लिबरऑफिस गळी उतरवू; दोन्ही मोफत, आणि सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) सगळ्यांना खुला.

'फुकट आहे' हा मुद्दा पहिल्याच दुकानात आपटला. "आमचं वर्ड कुठं विकतचं आहे?" यावर काय बोलणार! मराठी मेनू कौतुकाने दाखवले, तर "ते आधी इंग्रजी करा, इन्सर्ट सापडेना." सोर्स कोड, स्वातंत्र्य वगैरे मी काढलंच नाही; समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं असतं.

एकाने तरी एका मशीनवर टाकू दिलं. एका क्लिकवर पीडीएफ होते, यावर गडी खूश. मग जुनं प्रतिज्ञापत्र उघडलं आणि घोळ झाला. फाईल मंगल या विंडोजच्या मराठी फॉन्टमधली, लिनक्सवर मंगल नाही. बदली फॉन्टने ओळी पसरल्या आणि सहीची जागा दुसऱ्या पानावर गेली. मुद्रांकावर छापताना हे कोण खपवून घेईल? श्री-लिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या फायली तर, त्याचे फॉन्ट नसल्याने, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. दुकानदार पुन्हा विंडोजवर.

ज्यांना किमतीचं सोयरसुतक नाही त्यांना काय दाखवावं? दुकानात, पतसंस्थेत कुणी हे रुळवलंय का? केरळच्या सरकारी शाळा लिनक्सवर गेल्याचं उदाहरण माहीत आहे, पण तिथे पाठीशी सरकार होतं.

प्रतिसाद: तुम्ही एका दमात दोन गोष्टी बदलल्यात. विंडोज तूर्त राहू द्या (नेटचं मशीन असेल तर फार दिवस नको), त्यावर फक्त लिबरऑफिस टाका. मंगल तिथे बहुधा असतोच. सेटिंगमध्ये डीफॉल्ट सेव्ह डॉकेक्स (वर्डचा फाईल-प्रकार) करा, मेनूऐवजी वर्डसारखी टॅबवाली पट्टी लावा. निम्मी कुरकूर तिथेच थांबते. जुन्या फायलींच्या नादी लागू नका. रोज लागणारे अर्ज तेवढे मुक्ता फॉन्टमध्ये नव्याने बसवून द्या, तो मोफत आहे आणि विंडोज-लिनक्स दोन्हीकडे चालतो. श्री-लिपीचा मजकूर कन्व्हर्टरमधून काढलात तर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. आणि पीडीएफ आवडलीय ना? मग 'पीडीएफसाठी ठेवा' एवढंच म्हणा.

धागाकर्ता: पटलं. प्रतिज्ञापत्र मुक्तामध्ये एका पानात बसतं का ते पाहून कळवतो. पतसंस्थावाले कुणी असाल तर लिहा, तिथे एक्सेलच्या मॅक्रोंचं (शीटमधली कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) काय केलंत?