हेडलाइटमध्ये पाणी साचते, पण वर्कशॉपला पोहोचेपर्यंत काच कोरडी! वॉरंटीत दाद कशी मागावी?

गोदातीर (गंगाखेड)

नमस्कार. माझी गाडी १४ महिन्यांची असून आतापर्यंत सुमारे १७,००० किलोमीटर चालली आहे. कंपनीची वॉरंटी दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत आहे. पुढचे दोन्ही दिवे एलईडीचे आहेत. गाडीला आजवर कुठेही ठोकर लागलेली नाही आणि दिव्यांच्या वायरिंगला बाहेरच्या कोणी हात लावलेला नाही.

श्रावणातल्या झडीत पहिल्यांदा लक्षात आले, की डाव्या हेडलाइटच्या काचेवर आतून बाष्प धरले आहे. पावसाळ्यात असे व्हायचेच, अशा समजुतीने मी दोन-तीन आठवडे तिकडे काणाडोळा केला. भाद्रपदात मात्र बाष्पाचे थेंब झाले, थेंबांचे ओघळ झाले, आणि एका सकाळी तर दिव्याच्या तळाच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी साचलेले दिसले. बोनेट जरा जोराने आपटले की ते डुचमळते. उजवा दिवा त्याच अंगणात, त्याच पावसात उभा असूनही कोरडाठाक असतो.

माझी खरी अडचण याच्या पुढची आहे. सर्व्हिस सेंटर परभणीला, म्हणजे ४० किलोमीटरवर आहे. पाणी दिसते पहाटे सहाला आणि वर्कशॉपचे दार उघडते साडेनऊला. तेवढ्या वेळात ऊन चढते, इंजिनची धग दिव्याच्या मागे पोहोचते, आणि मी आवारात शिरतो तेव्हा काच अशी लख्ख असते, की मलाच खोटे पडल्यासारखे वाटते. अशा तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेस सर्व्हिस ॲडव्हायझरने "सगळ्याच गाड्यांना येते, नॉर्मल आहे," असे सांगून चहा पाजला. दुसऱ्या खेपेस दिव्याच्या मागून एअर गनने हवा मारून दिली. तिसऱ्या खेपेस मात्र "गाडी पाण्यातून घातली होती का?" असा प्रश्न आला आणि पाठोपाठ "इन्शुरन्समध्ये टाकून देऊ," असा सल्लाही मिळाला. पहिल्या दोन्ही वेळी जॉबकार्ड, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवण्याचा वर्कशॉपचा कागद, उघडलेच नव्हते, हे मला घरी आल्यावर समजले.

येथील एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने काचेच्या खालच्या कडेला बारीक भोक पाडून देण्याची तयारी दाखवली आहे, म्हणजे पाणी आपोआप निथळून जाईल असे त्याचे म्हणणे आहे. मी अद्याप होकार दिलेला नाही.

नॉर्मल कुठे संपते आणि दोष कुठे सुरू होतो, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे, आणि दोष असेल तर तो दाखवायचा कसा हेही. मला आठवड्यातून चार दिवस पहाटे अंधारात निघावे लागते. गळीत हंगाम सुरू झाला असल्याने रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आहेत, आणि डाव्या दिव्याचा झोत पाण्यामुळे विस्कटून नेमकी रस्त्याची कड दिसेनाशी होते. म्हणून घाई आहे.

पाना तेरा

सर्वप्रथम, भोक पाडू देऊ नका. एकदा भोक पडले की वॉरंटीचा विषय त्याच क्षणी संपतो, शिवाय जिथून पाणी बाहेर जाते तिथूनच धूळ आत येते. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ एकदा रिफ्लेक्टरवर बसली की दिवा न उघडता ती पुसता येत नाही.

मी बरीच वर्षे वर्कशॉपमध्ये काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हेडलाइट हा हवाबंद डबा असतो, असा बहुतेकांचा समज आहे आणि तो चुकीचा आहे. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि विझला की आकसते. ही ये-जा होऊ दिली नाही तर काचेचा सांधा दाबाने सुटेल. त्यासाठी दिव्याच्या मागच्या बाजूला ब्रीदर ठेवलेला असतो. काही दिव्यांत ती वाकडी रबरी नळी असते, तर काहींत बारीक जाळीसारखा पातळ पडदा, जो हवा आणि वाफ जाऊ देतो पण पाणी अडवतो. म्हणजे बाहेरच्या हवेतला दमटपणा आत जाणारच. आता ३० अंश तापमानाची एक घनमीटर हवा साधारण ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, तर २० अंशांची हवा जेमतेम १७ ग्रॅम. पावसाळी दुपारची दमट हवा दिव्यात अडकली आणि पहाटे काच गार पडली, की जास्तीचे बाष्प काचेच्या आतल्या अंगाला धरते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसेच हे.

एलईडी दिव्यांत हे अधिक दिसते, त्यालाही कारण आहे. जुन्या हॅलोजनचा ५५-६० वॅटचा बल्ब समोरची काच चांगली तापवत असे, त्यामुळे धुके पाच-दहा मिनिटांत उडून जाई. एलईडीची उष्णता मागच्या धातूच्या हीट सिंककडे जाते आणि समोरची काच गारच राहते. तेव्हा ॲडव्हायझर "नॉर्मल" म्हणतो ते सरसकट खोटे नसते. पातळ धुके, तेही बहुधा एखाद्या कोपऱ्यात, दोन्ही दिव्यांत कमी-अधिक सारखे, आणि गाडी थोडी चालल्यावर जाणारे, हे नॉर्मल.

आपण सांगता ते मात्र यात बसत नाही. ओघळ आणि तळाशी साचलेले पाणी केवळ हवेतल्या बाष्पाने होत नाही. एका हेडलाइटमध्ये हवा मावून मावून किती मावणार? काही लिटर. त्यात बाष्प ग्रॅमच्या अंशात असते आणि आपण चमचाभर पाणी पाहिले आहे. म्हणजे पाणी बाहेरून, पाणी म्हणूनच आत शिरले. त्यातही उजवा दिवा कोरडा आहे, हा आपला सर्वांत भक्कम मुद्दा आहे. हवामान कारण असते तर ते दोन्ही दिव्यांना सारखे लागू झाले असते.

आता पाणी शिरते कुठून, ते सांगतो. काच आणि मागची बॉडी जोडणाऱ्या सांध्यातला सीलंट एखाद्या जागी कमी पडलेला असतो, किंवा मागच्या झाकणाची रबरी कड दुमडलेली असते, किंवा ब्रीदर निखळलेला वा चिखलाने बुजलेला असतो. हा शेवटचा प्रकार फसवा आहे. ब्रीदर बुजला तर तापलेला दिवा पावसाच्या सपकाऱ्याने गार होताना आत हवा ओढतो, ती दुसरीकडून मिळत नाही म्हणून सांध्याच्या बारीकशा फटीतून ओढतो, आणि हवेबरोबर पाणीही घेतो. वॉशिंग सेंटरवर रॅम्पवर घेऊन प्रेशरचा पाइप थेट दिव्याच्या कडेवर धरतात, तेही टाळा. गाडी गरम असताना तर मुळीच धुऊ नका.

बालाघाट (अंबाजोगाई)

पाना तेरा यांनी कारणे सांगितलीच आहेत, म्हणून मी फक्त पुराव्याबद्दल लिहितो, कारण "वर्कशॉपला पोहोचेपर्यंत कोरडे" या दुखण्यातून मी स्वतः गेलो आहे. माझ्या गाडीचा मागचा दिवा होता, पण कथा हीच.

मी सुरुवातीला फोटो दाखवत असे आणि समोरचा माणूस फोटो पाहून मान डोलवत असे, बस. फोटोत फक्त काच होती. ती कोणत्या गाडीची, कधीची, हे त्यातून कळत नव्हते. मग मी एकसलग व्हिडिओ घेऊ लागलो. आधी नंबर प्लेट, मग न थांबवता डावा दिवा, मग उजवा, मग दार उघडून ओडोमीटर आणि घड्याळ. इंजिन सुरू करून दिवे लावायचे, अर्ध्या तासाने पुन्हा तसाच व्हिडिओ घ्यायचा. अर्ध्या तासानंतरही थेंब जागच्या जागी असतील तर "चालू केल्यावर जाते" हे उत्तर उरत नाही. असे चार वेगवेगळ्या दिवसांचे व्हिडिओ पुरेत, त्यांतला एखादा पाऊस नसलेल्या दिवसाचा असावा.

दुसरे म्हणजे, काच कोरडी झाली तरी खूण राहते. पाणी वाळल्यावर तळाशी आणि चकचकीत भागावर मातकट रेघ उरते, क्षारांचा पांढरट डाग उरतो. टॉर्च तिरपा धरून पाहा, बहुधा दिसेल. ॲडव्हायझरला ती रेघ बोट ठेवून दाखवा. दोन्ही दिव्यांतला फरक त्याला स्वतःच्या तोंडाने बोलू द्या.

तिसरे, आणि माझ्या मते हेच कामाचे: गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन वर्कशॉपमध्ये मुक्कामी ठेवा. अंगणात उघड्यावर लावायला सांगा, शेडमध्ये नको. सकाळी ते पाहतील तेव्हा गाडी ४० किलोमीटर चाललेली नसेल. पाऊस नसेल तर पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी मागा. साधा फवारा, दहा-पंधरा मिनिटे, दोन्ही दिव्यांवर सारखाच. वर्कशॉपला ही चाचणी नवीन नसते.

आणि जॉबकार्डाशिवाय गाडीची चावी देऊ नका. त्यावर "ग्राहकाची तक्रार" या रकान्यात "हेडलाइट चेक करणे" एवढेच लिहितात, ते मान्य करू नका. "डाव्या हेडलाइटमध्ये पाणी साचते, उजवा कोरडा" हे शब्द लिहून घ्या. त्यांना दोष सापडला नाही तर तेही लेखी द्या म्हणावे. वॉरंटीच्या काळात तक्रार केली होती, एवढे तरी त्या कागदावरून सिद्ध होते. तुमच्या पहिल्या दोन खेपा कागदावर नाहीत, हे वाईट झाले, पण त्या तारखांचे फोन आणि संदेश असतील तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करताना त्यांचा उल्लेख करा. ईमेल डीलरला नव्हे, थेट कंपनीला, व्हिडिओसह.

तारीख पे तारीख

इन्शुरन्सबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. तो सल्ला ऐकू नका. वाहन विमा अपघाताने झालेल्या नुकसानीसाठी असतो. सील सैल पडून पाणी झिरपणे त्यात बसत नाही. ते बसवायचे तर न झालेली ठोकर कागदावर दाखवावी लागेल, आणि त्या अर्जावर सही आपली असेल. शिवाय तोटा आपलाच. दिव्याचा मोठा भाग प्लास्टिकचा असतो आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारी विम्यातली जादा सोय) नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. पहिल्या वर्षी क्लेम नसल्याने मिळालेला २० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) पुढील नूतनीकरणात २५ टक्के होणार होता, तो शून्यावर येईल. डीलरचे मात्र यात काहीच जात नाही, कारण दिव्याचे पैसे त्याला कोणाकडून तरी मिळतात.

"पाण्यातून घातली का?" या प्रश्नाचे उत्तर खरे तेच द्या. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते, पण पावसात चालवणे हा गाडीचा नेहमीचा वापर आहे. पाणी दिव्याच्या उंचीपर्यंत आले असते तर दोन्ही दिव्यांत गेले असते, एवढे त्यांना नम्रपणे विचारा.

ईमेलला उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. पुढे जावेच लागले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे परभणीतच, तक्रार दाखल करता येते, कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. गाडीसाठी मोजलेली किंमत १० ते २० लाखांच्या दरम्यान असेल तर शुल्क ४०० रुपये आहे, पाच ते दहा लाखांमध्ये २०० रुपये. पण एका दिव्यासाठी आयोगात जाण्याची वेळ येऊ नये. जॉबकार्ड नीट लिहिले गेले की निम्मे काम तिथेच होते.

गोदातीर (गंगाखेड)

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहीत आहे, कारण काहीतरी घडल्यावरच लिहायचे ठरवले होते.

टॉर्च तिरपा धरून पाहिल्यावर तळाशी बोटभर लांबीची मातकट रेघ खरोखर दिसली. पाच दिवसांचे व्हिडिओ घेतले, कंपनीला ईमेल केला आणि सोमवारी संध्याकाळी गाडी परभणीला मुक्कामी ठेवून बसने परत आलो. जॉबकार्डावर तक्रार माझ्या शब्दांत लिहून घेतली. त्यासाठी दहा मिनिटे काउंटरपाशी उभे राहावे लागले, एवढेच.

मंगळवारी सकाळी त्यांचाच फोन आला. रात्री पाऊस नव्हता, म्हणून त्यांनी फवारा मारून पाहिला होता आणि डाव्या दिव्यात थेंब आले होते. बंपर उतरवल्यावर काचेच्या वरच्या कडेला, बोनेटच्या आडोशाला, सुमारे दोन इंच लांबीच्या भागात सीलंट बॉडीला चिकटलेलाच नव्हता, असे वर्कशॉपच्या फोरमनने मला नंतर प्रत्यक्ष दाखवले. त्या फटीत नख सहज जात होते. पूर्ण दिवा वॉरंटीत मंजूर झाला, सुटा भाग यायला अकरा दिवस लागले. नव्या दिव्याला वेगळी वॉरंटी नाही, गाडीची उरलेली मुदतच त्यालाही लागू राहील, असे त्यांनी सांगितले आणि मी ते बिलावर लिहून घेतले.

काल पहाटे थंडी चांगली होती. दोन्ही दिव्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात तळहाताएवढे पातळ धुके होते, डावीकडे जेवढे तेवढेच उजवीकडे. गोदावरीचा पूल ओलांडून थोडे पुढे गेल्यावर थांबून पाहिले, तर दोन्हीकडचे गेलेले होते.