गावात नैराश्याला आधी गोळी की आधी बोलणं?

कोरडवाहू : नैराश्याचा माणूस आरोग्य केंद्रात आला की पहिल्याच फेरीत गोळी नको. आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर बोलण्याचे उपचार गोळीइतकेच लागू पडतात, आणि ते गावातलंच शिकवलेलं माणूस देऊ शकतं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पाने तेच केलं. दीड वर्षात मदत घेणारे नैराश्यग्रस्त 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. या उपचाराची रीत साधी : सुटलेल्या कामांतलं सगळ्यात लहान काम निवडायचं, म्हणजे बैलाला पाणी दाखवणं, अर्धा तास पारावर बसणं. दिवस-वेळ ठरवायची आणि पुढच्या आठवड्यात जाऊन विचारायचं. सहा ते आठ बैठका. मन लागल्यावर काम करीन म्हणणाऱ्याला आधी काम, मन मागून येतं.

पऱ्हाटी : तो आकडा मदतीपर्यंत पोचलेल्यांचा आहे भाऊ, बरे झालेल्यांचा नाही. तुलनेला दुसरी गावंही नव्हती. आणि त्या प्रकल्पात मानसोपचारतज्ज्ञही होते, ते का गाळता? ज्याचं जेवण सुटलं, वजन उतरलं, जो पहाटे तीनला उठून बसतो, त्याला कसला गृहपाठ देता? त्याला नैराश्याची गोळी द्या, एस्सिटॅलोप्राम 5 मिग्रॅ, आठवड्याने 10. फक्त देताना एक सांगायलाच हवं : मळमळ, बेचैनी पहिल्या आठवड्यात येते, गुण दोन ते चार आठवड्यांनी. हे न सांगितल्यामुळेच माणूस दहाव्या दिवशी 'गोळी लागत नाही' म्हणून सोडतो. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू, मग हळूहळू कमी.

तिफण : तुम्ही दोघं भांडताय आणि गावात खरी खपते ती तिसरीच, अल्प्राझोलाम. त्याच रात्री झोप लागते, म्हणून तिलाच लोक 'गुणाची गोळी' म्हणतात. चार आठवड्यांच्या वर गेली की सवय लागते, एकदम तोडली तर झटके येऊ शकतात.
पऱ्हाटी, एस्सिटॅलोप्राम लिहिण्याआधी एक विचारत जा : आधी कधी चार-पाच दिवस झोपेविना हुरूप, उधळपट्टी, मोठमोठ्या बाता? उत्तर हो आलं तर तो द्विध्रुवी, म्हणजे कधी उदासी कधी तेजी असा आजार असू शकतो, आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने माणूस तेजीत जाऊ शकतो. तिथे लिथियमसारखं मन स्थिर ठेवणारं औषध लागतं. आपल्याकडे मे महिन्यात लिथियम म्हणजे वेगळंच प्रकरण. घाम जातो, पाणी कमी पडतं, वर कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी. या सगळ्याने लिथियम रक्तात साचतं. रक्तातली पातळी लिटरमागे 0.6 ते 1 मिलिमोल हवी, 1.5 च्या वर गेली की जुलाब, हात थरथरणं, तोल जाणं. तशात पुढची गोळी थांबवून लगेच दवाखाना.

कोरडवाहू : तीव्र आजाराला गोळी, मान्य. पण मध्यमाला नाहीच. आणि तुलना नसली तरी त्या गावांत नैराश्याचं प्रमाण 14.6 वरून 11.3 टक्क्यांवर आलं, तेही नोंदवा. मरणाचे विचार येतात का, हे मात्र दोन्हीकडे सरळ विचारावं. विचारल्याने विचार पेरले जात नाहीत. फवारणीचं औषध घरातून हलवायचं, किल्ली दुसऱ्याकडे. गोळ्या एका वेळी सातच. रात्री-अपरात्री टेलिमानस, ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.

पऱ्हाटी : सातच गोळ्या म्हणजे दर आठवड्याला बसभाडं नि एक मजुरी बुडाली, तिसऱ्या आठवड्यात कोणी येत नाही. अमिट्रिप्टिलिन या जुन्या नैराश्याच्या गोळीला सात ठीक, एकदम जास्त घेतली तर जीव जाऊ शकतो, ती घरात साठूच नये. एस्सिटॅलोप्रामची महिन्याची द्या आणि पुडी घरच्या बाईच्या हाती ठेवा.

तिफण : आणि आजारी ती बाईच असली तर?