मदत हवी आहे : नागपूरच्या जुन्या टॉकीज आणि नाटकगृहांची कागदपत्रं

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या जुन्या टॉकीजचा एक नकाशा तयार करतोय. नावं गोळा करायला त्रास नाही, कारण आपल्या बर्डीचे (सीताबर्डीचे) लोक अजूनही टॉकीजच्याच नावाने, व्हेरायटी चौक, पंचशील चौक असा पत्ता सांगतात. सदरमध्ये लिबर्टी आहेच. अडचण आहे ती १९३१च्या आधीच्या काळाची. त्या वर्षी 'आलम आरा' आला, बोलपट सुरू झाले. त्याआधी मूकपट कुठे दाखवायचे, आणि फिरत्या संगीत नाटक मंडळींचे प्रयोग जिथे होत त्यातली कोणती जागा पुढे सिनेमाकडे वळली?

१९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपटगृहाला जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा परवाना लागत असे, म्हणजे फायली बनल्या असणारच. पण १९५६ला मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्यात काही दप्तर तिकडे गेलं की इथेच राहिलं? पुराभिलेखागारात कुणी असं काम केलंय का? तिथे नेमकी कोणती फाईल मागायची, हे कळलं तरी पुष्कळ.

दुसरं, नागपूरच्या, १९१४ पासूनच्या 'महाराष्ट्र' साप्ताहिकाचे जुने अंक कुठे बघायला मिळतील? माझ्या मते खरा खजिना जाहिरातींत असतो: खेळाच्या वेळा, तिकिटाचे दर, बायकांसाठी वेगळी बसायची सोय.

धनवटे रंगमंदिराच्या जुन्या इमारतीचे आतले फोटो कुणाकडे असतील तर तेही हवेत. बाहेरचे नकोत, ते बरेच मिळतात. घरी आजी-आजोबांना विचारून सांगितलंत तरी चालेल, फक्त कोणत्या मोहल्ल्यातलं ते लिहा.