वाघ समोर आला तेव्हा : अनुभव लिहा

३० जूनची शेवटची फेरी झाली की ताडोबाचं गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला राखीव भाग, तीन महिने पर्यटकांसाठी बंद होतं. वर्षभराचे फोटो निवांत उघडून बघायला हे पावसाळी दिवस बरे, म्हणून हा धागा काढतेय. वाघ जंगलात दिसला असो, प्राणिसंग्रहालयात असो, की गावच्या रस्त्यावर आडवा गेला असो, लिहा. फोटो नसला तरी लिहा. दोनच विनंत्या आहेत. वाघ तुमच्यापासून किती लांब होता आणि त्या वेळी काय करत होता, ते नक्की सांगा. आणि पिल्लं असलेल्या वाघिणीचा सध्याचा ठावठिकाणा इथे देऊ नका.

सुरुवात मी करते. मे महिना, ताडोबातला मोहर्लीच्या बाजूचा पाणवठा. वाघीण आमच्याकडे तोंड करून उलटी पाण्यात उतरली. आधी मागचे पाय, मग कंबर, मग छातीपर्यंत. उन्हाळ्यात वाघ बऱ्याचदा असेच उतरतात. अंतर साधारण चाळीस मीटर. मी जिप्सीच्या कठड्यावर तांदळाची पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवली होती. रांगेतल्या एका गाडीने मागे घेण्यासाठी इंजिन चालू केलं आणि वाघिणीचे दोन्ही कान असे वळले की कानांमागचे पांढरे ठिपके समोरून दिसायला लागले. गाईडने लगेच हात वर करून गाडी बंद करायला लावली. वैतागली की कान असे होतात, हे मला तेव्हा कळलं. तो फोटो खूप जणांना आवडतो. मला मात्र त्यात आम्ही तिला दिलेला त्रास दिसतो, आणि म्हणूनच तो मी भिंतीवर लावलेला नाही.

नागपूरहून, हौशी छायाचित्रकार

धागा छान काढलात, ताई. मी माया या ताडोबातल्या वाघिणीबद्दल लिहितो. तिथल्या पांढरपौनी भागातल्या गवतात मायाला ज्यांनी पिल्लांसोबत पाहिलं, त्यांना वेगळं काही सांगायला नको. गाड्यांची तिला इतकी सवय झाली होती की ती सरळ रस्त्याने चालत यायची आणि जिप्स्या तिच्यासमोर मागे मागे जायच्या. त्याला आम्ही ‘हेड-ऑन’ म्हणतो. प्रत्येकाला तोच फोटो हवा असतो.

माझं मत थोडं वेगळं आहे. हेड-ऑनमध्ये वाघाचा चेहरा मिळतो, जंगल जातं. माझा सगळ्यात आवडता फोटो लांबून घेतलेला आहे. तलावाच्या कडेने माया चाललीये, फ्रेममध्ये ती नखाएवढी, मागे अर्जुनाची झाडं, धुकं, आणि शेपट्या वर करून उभी राहिलेली चितळं. सकाळच्या पहिल्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नका. फोटोत दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो चालत नाही. वाघ चालत असेल तर शटरचा वेग निदान १/५०० सेकंद ठेवा, पळणार असं वाटलं तर आणखी जास्त.

२०२३च्या पावसाळ्यानंतर माया दिसेनाशी झाली. नोव्हेंबरमध्ये अवशेष सापडले, आणि ते तिचेच असल्याचं डीएनए तपासणीतून ठरलं. तिचे हजारो फोटो लोकांकडे आहेत. त्यांच्यावर तारीख आणि जागा नीट लिहून ठेवा, असं मी भेटेल त्याला सांगतो. वाघाच्या अंगावरचे पट्टे दुसऱ्या कुणाशी जुळत नाहीत, डाव्या कुशीचे उजव्या कुशीशीसुद्धा नाहीत. जुना साधा फोटोही पुढे ओळख पटवायला कामी येऊ शकतो.

ताडोबा बफरमधून, गाईड

मी गाईड आहे, गाव बफरमध्येच, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात. पाहुण्यांना वाटतं आम्ही वाघ डोळ्यांनी शोधतो. आम्ही कानांनी शोधतो. चितळ ओरडलं म्हणून लगेच गाडी पळवायची नसते. ते रानकुत्र्याला, बिबट्यालाही ओरडतं. झाडावरचं वानर खाली एकाच जागी बघून ओरडत असेल तर थांबायचं. आणि सांबर ओरडलं, पुन्हा ओरडलं, की समजायचं जनावर चालतंय. आवाज पुढे सरकत गेला तर वाघ कोणत्या बाजूने रस्ता ओलांडेल त्याचा अंदाज येतो. तिथे आधीच लांब जाऊन इंजिन बंद करून उभं राहायचं. अशा वेळी वाघ स्वतः जवळ येतो. त्याच्या मागे लागलं तर तो आत जातो.

आता मनातलं सांगते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-करांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पिल्लांना दोन्हीकडून गाड्यांनी अडवलं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईड निलंबित झाले. चूक होतीच, मी तिचं समर्थन करत नाही. पण ‘अजून जवळ घे, अजून जवळ घे’ हे मागच्या सीटवरून येतं, आणि जवळ नेलं नाही तर उतरताना पाहुणे तोंड फिरवून जातात, तेही लिहिलं पाहिजे. मोबाईल आत नेऊ देत नाहीत म्हणून काही जण नाराज असतात. मला तर तो नियम आल्यापासून बरं वाटतं. लोक समोर बघतात.

सिंदेवाही तालुक्यातून, शिक्षक

माझ्याकडे फोटो नाही. अंतर विचारलंत म्हणून सांगतो, दहा-बारा पावलं.

मोहफुलं पडतात ती पहाटे. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडची माणसं अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात, कारण उन्हं वर आली की फुलं सुकतात आणि गुरं, हरणं खाऊन जातात. मी सुट्टीत आईबरोबर गेलो होतो. ती वाकून वेचत होती. वाकलेलं किंवा बसलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात. मी सरळ उभा होतो म्हणून मला आधी दिसला, पळसाच्या आडोशाला बसलेला. मी आईचा दंड धरून तिला उभं केलं. बोललो काही नाही. आम्ही दोघं त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे आलो. तो उठला, आमच्याकडे पाहिलं आणि नाल्याकडे उतरला.

आमच्या बाजूला दर वर्षी मोहा आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात माणसं दगावतात. त्या घरांत वाघाचे फोटो कुणी लावत नाही. तरी शिवेवरच्या वाघोबाला शेंदूर लावायचं कुणी थांबवलेलं नाही, माझ्या आईनेही नाही. ज्या ताडोबाच्या नावाने जंगल ओळखलं जातं, तो तारू वाघाशी झुंजताना गेला असंच गोंड लोक सांगतात, आणि तलावाकाठी त्याचं देऊळ आहे. शहरातल्या मित्रांनी हा धागा वाचताना आमचंही अंतर लक्षात ठेवावं. तुम्ही गाडीत असता, आम्ही पायी.

(धागाकर्ती)

सर, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आईंना नमस्कार सांगा.

मुंबईहून

आम्हाला वाघ भेटला तो राणीच्या बागेत. २०२०मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून इथे वाघांची जोडी आणली, तेव्हापासून माझी मुलगी तिथे जायचा हट्ट धरते. मधे काच आहे. वाघ काचेला अंग घासत गेला तेव्हा अंतर एका वितीचं होतं, आणि माझ्या मुलीने पहिल्यांदा त्याचा पंजा किती रुंद आहे ते पाहिलं. जंगलात न्यायची आमची ऐपत सध्या नाही. मला ती भेट खरी वाटते.

काचेतून फोटो काढायचा तर लेन्सचं रबरी हूड काचेला अगदी टेकवा, फ्लॅश बंद करा आणि शक्यतो गडद कपडे घाला. पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब फोटोत उतरतं. जाळी असेल तर लेन्स जाळीजवळ न्यायची, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठं ठेवायचं आणि वाघ जाळीपासून लांब असताना टिपायचा. जाळी फोटोत जवळजवळ दिसत नाही.

पण एक पाहिलेलं विसरता येत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी वाघ त्याच त्या आठ पावलांत येरझारा घालत होता, वळण्याची जागासुद्धा ठरलेली, जमीन तिथे गुळगुळीत झालेली. फोटोत तो रुबाबदार दिसतो. म्हणून त्या फोटोखाली ‘पिंजऱ्यातला’ असं लिहायलाच हवं.

पुण्याहून

पांढऱ्या वाघाबद्दल थोडं. मुलांना ‘वेगळी जात’ म्हणून सांगतात ते बरोबर नाही. तो आपलाच पट्टेरी वाघ, फक्त रंगाचा गुण आईबाप दोघांकडून तसा आलेला. १९५१मध्ये रेवाच्या जंगलात मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला आणि त्याच्याच वंशात पुन्हा पुन्हा जोड्या लावून पांढरे वाघ वाढवले. त्यातल्या अनेकांचे डोळे तिरळे असतात. फोटो मोठा करून पाहा, कळेल.

सध्या सिंगापूर, मूळ साताऱ्याचा

थायलंडला ऑफिसच्या सहलीत एका ठिकाणी नेलं होतं. वाघाच्या पोटावर डोकं ठेवून फोटो काढायची रांग. वाघ डोळे किलकिले करून पडलेला, शेजारी काठी घेतलेला माणूस. सोबतचे सगळे रांगेत उभे राहिले. मी बाहेर येऊन थांबलो. वाघ इतका निपचित पडून राहतो याचा अर्थ काय, हा एकच प्रश्न डोक्यात होता. पुढे २०१६मध्ये तिकडच्याच कांचनाबुरी प्रांतातल्या ‘टायगर टेंपल’मधून सरकारने १३७ वाघ बाहेर काढले. तिथल्या फ्रीझरमध्ये चाळीस मेलेले बछडे सापडले. ओळखीत कुणी अशा सहलीला निघालं की मी ही बातमी आवर्जून पाठवतो. एवढं जवळ जाता येतंय, हाच पहिला धोक्याचा इशारा धरा.

बुलढाण्याहून

आमच्याकडच्या वाघाला लोकांनी फारसं पाहिलंच नाही, तरी सगळा जिल्हा त्याच्याबद्दल बोलत होता. यवतमाळमधल्या टिपेश्वर अभयारण्यातला तरणा नर. २०१९मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घातली होती म्हणून त्याची वाट कळली. पावसाळ्यात निघाला, तेलंगणाची हद्द ओलांडली, परत आला, हिंगोलीतून पुढे सरकला आणि डिसेंबरमध्ये आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सरळ रेषेत बघाल तर अंतर फार नाही, चाल मात्र तेराशे किलोमीटरच्या वर. दिवसा कपाशीत नाहीतर नाल्यात पडून राहायचा, रात्री चालायचा. किती शेतकरी त्याच्या जवळून बैलगाडी घेऊन गेले असतील, त्यांना पत्ता नसेल.

ज्ञानगंगेत त्याला शिकार मिळाली, जागा मिळाली, वाघीण मिळाली नाही. ट्रॅप कॅमेऱ्यातले त्याचे फोटो मी शाळेतल्या पोरांना दाखवतो आणि नकाशावर त्याची वाट पेन्सिलीने काढायला लावतो. वाटेतले हमरस्ते, कालवे मोजायला सांगतो. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ धरले गेले, २०१८मध्ये ३१२ होते. वाढलेले वाघ चालणारच. त्यांच्या वाटेवर आपण काय बांधतोय, हे फोटोवाल्यांनीही कधीतरी टिपावं. पुलाखालचा रस्ता वाघाने वापरला, असा एक फोटो मला शंभर हेड-ऑनपेक्षा मोलाचा वाटतो.

(नवीन सदस्य)

ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदाच ताडोबाला जातोय. लेन्स भाड्याने घेऊ का? आणि कोणती?

(गाईड)

दादा, १००-४०० मिमीची झूम लेन्स मिळाली तर पुरे. पावसानंतर गवत उंच असतं, वाघ दिसणं अवघड, ते मनात धरूनच या. गाभा मंगळवारी बंद असतो, त्याप्रमाणे आरक्षण करा. सकाळी थंडी वाजते, अंगावर गरम काहीतरी ठेवा. आणि एक फेरी बफरची घ्या, तिथल्या फेऱ्यांवर आमची गावं चालतात.