म्हातारपणी दिनक्रम मोडावा की जपावा? (स्मरणशक्ती आणि डोपामीनबद्दल)

कृष्णाकाठची (धागा सुरू करणारी):

आई ७१ वर्षांची, सांगलीला एकटी राहते. तब्येत चांगली आहे. बाबा गेल्यापासून तीन वर्षं तिचा दिवस ठरलेला: पहाटे उठणं, पूजा, अकराला जेवण, दुपारी पडणं, संध्याकाळी मालिका. फोनवर "काल काय केलंस?" विचारलं की म्हणायची, "काय करणार, रोजचंच." आधी वाटलं टाळतेय. मग कळलं की तिला खरंच सांगता येत नाही. काल आणि परवा वेगळे ओळखू यावेत असं त्यांत काही घडलेलंच नसायचं.

गेल्या पावसाळ्यात माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या वेळचे मोडीतले कागद निघाले. आईने आपणहून मोडीच्या वर्गाला नाव घातलं. मी महिनाभर तिच्याकडे होते, तेव्हा जवळून पाहिलं. कागदावर आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिला खालून अक्षरं लटकवत जायची, शक्यतो हात न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एका ओळीपाशी ती पाऊण पाऊण तास अडून बसायची. एका दुपारी चष्मा हातात घेऊन स्वयंपाकघरात आली, "अगं, हे 'रुपये' आहे! मी आठ दिवस 'रूपाने' वाचत होते!" त्या दिवसाबद्दल आज विचारा. कुठला वार, बाहेर पाऊस कसा लागला होता, मी दोडक्याची भाजी केली होती, सगळं सांगेल.

मोडीचा शब्द लक्षात राहिला हे समजू शकते. दोडका का लक्षात राहिला?

थोडं वाचन केलं. मेंदूच्या मध्यभागात डोपामीन हे निरोप पोचवणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात आणि आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसशी त्यांचं येणंजाणं असतं. "हे नवीन आहे" असा निरोप हिप्पोकॅम्पसकडून जातो आणि उलट्या वाटेने डोपामीन येऊन ती आठवण पक्की व्हायला मदत करतं, अशी मांडणी लिस्मन आणि ग्रेस या मेंदूशास्त्रज्ञांनी २००५ साली केली. अर्जेंटिनातल्या प्राथमिक शाळांमधला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. मुलांना गोष्ट वाचून दाखवली. काही वर्गांना त्याच्या तासभर आधी किंवा नंतर विज्ञानाचा किंवा संगीताचा अगदी अनपेक्षित तास दिला. दुसऱ्या दिवशी त्या मुलांना गोष्ट जास्त आठवली. हाच तास चार तासांच्या अंतराने दिला तेव्हा मात्र उपयोग झाला नाही. म्हणजे नव्या अनुभवाच्या आजूबाजूचं साधंसुधंही त्याच्याबरोबर टिकतं. माझ्या दोडक्याचं उत्तर मला तिथे मिळालं.

वयाबरोबर ही यंत्रणा मंदावते. डोपामीनचा निरोप घेणारे रिसेप्टर प्रौढपणी दर दहा वर्षांनी दहा टक्क्यांपर्यंत कमी होतात, असं मेंदूच्या स्कॅनमधून दिसलेलं आहे. मग "आता या वयात कशाला नवीन?" हे आपण आईवडिलांना इतक्या सहज कसं म्हणतो? माझं मत स्पष्ट आहे. दिनक्रम मोडा. हळूहळू, पण मोडाच.

तात्यांचा धाकटा:

ताई, तुमच्या आईचं वाचून बरं वाटलं. पण "मोडाच" याला माझा ठाम विरोध आहे.

आमचे तात्या ७८ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान झालं. तेव्हा आम्हीही असंच काहीतरी वाचलं होतं. बदल हवा, नवं वातावरण हवं, म्हणून त्यांना कराडजवळच्या घरातून पुण्याला माझ्या फ्लॅटमध्ये आणलं. जुन्या घरात खोलीबाहेर पडलं की डाव्या हाताला मोरी. इथे डाव्या हाताला कपाट. रोज रात्री दोन वाजता ते कपाटाचं दार चाचपत उभे असायचे. एकदा मला म्हणाले, "मास्तर, या शाळेत मुतारी कुठाय?" मी त्यांचा मुलगा आहे.

सहा महिन्यांनी परत गावी नेलं. तीच खाट, तीच मोरी, तोच चहाचा पितळी पेला. रात्रीचं भटकणं थांबलं. डिमेन्शिया गेला नाही, पण माणूस शांत झाला. हातापायांना लागलेली सवय मेंदूत वेगळ्या ठिकाणी असते, हिप्पोकॅम्पस दुबळा झाला तरी ती बराच काळ साथ देते. तात्यांना सकाळचं जेवण आठवत नाही, पण पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे धडाधड म्हणतात. सत्तर वर्षांपूर्वी घोकून घेतलेलं आहे ते. त्यात नावीन्य शून्य होतं आणि बक्षीस म्हणजे छडी न बसणं.

रात्रपाळी:

मी न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात नर्स आहे. दोघांचंही पटतंय, पण डोपामीनबद्दल दोन गोष्टी नीट व्हायला हव्यात.

डोपामीन म्हणजे आनंदाचं रसायन, हा समज आता घराघरात पोहोचलाय आणि तो चुकीचा आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांवर केलेलं काम पाहा. अचानक फळांचा रस मिळाला की डोपामीनच्या पेशी पेटायच्या. दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, तेव्हा पेशी दिव्याला पेटू लागल्या आणि रस आला तेव्हा गप्प. दिवा लागून रस आलाच नाही, तर त्यांचं काम नेहमीच्या पातळीच्या खाली जायचं. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक त्या पेशी मोजतात. आठ दिवस "रूपाने" वाचलेलं अचानक "रुपये" निघालं, त्यात नुसत्या नवेपणापेक्षा हा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

दुसरं, नवेपणाचं सगळं डोपामीन मध्यमेंदूतूनच येतं असं नाही. २०१६ साली उंदरांवरचा एक अभ्यास आला. उंदरांनी वाळूत लपवलेलं खाणं शोधलं. अर्ध्या तासाने त्यांना अनोळखी जमिनीच्या पेटीत सोडलं, तर खाण्याची जागा दुसऱ्या दिवशीही लक्षात राहिली. त्यामागचं डोपामीन लोकस सेरुलियस नावाच्या छोट्याशा केंद्रातून आल्याचं दिसलं. हे केंद्र आधी नॉरअ‍ॅड्रेनलिन या दुसऱ्या रसायनासाठीच ओळखलं जायचं.

आणि तात्यांच्या मुलाला: तुम्ही गावी परत नेलंत ते योग्यच केलंत. वॉर्डात नुसती खाट बदलली तरी असे रुग्ण रात्रभर झोपत नाहीत, हे मी रोज बघते.

बेळगावकर२४:

माझा एक सरळ प्रश्न. नवेपणाने स्मरणशक्ती वाढते, तर माझी का वाढत नाही? मी रात्री दोन तास रील्स बघतो. दर पंधरा सेकंदाला नवा चेहरा, नवं गाणं, नवी जागा. सकाळी विचारा, पाच सांगता येणार नाहीत. उलट माझी आज्जी रोज तेच अंगण सारवते आणि तिला १९७२ च्या दुष्काळातल्या सुकडीची चव आठवते. नावीन्याचा सिद्धांत मला तरी लागू पडत नाही.

कृष्णाकाठची:

प्रश्न चांगला आहे. यावर मी दोन दिवस विचार केला.

एक म्हणजे, अंगठा सरकवताना "आता नवं येणार" हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. वर शुल्ट्झ यांचं जे लिहिलंय ते इथे लावा. अपेक्षित नवेपणा हाही एक दिनक्रमच झाला. दुसरं म्हणजे, वरच्या दोन्ही प्रयोगांत नवा अनुभव एकदाच आला आणि नंतर त्याला जागा मिळाली. रील्समध्ये एकाला पक्कं व्हायला उसंत मिळायच्या आत दुसरी येते. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो.

आज्जींचं म्हणाल, तर दुष्काळ हाच त्यांच्या आयुष्यातला केवढा मोठा अनपेक्षित अनुभव! शिवाय साधारण दहा ते तीस या वयातलं माणसाला नंतर सर्वांत जास्त आठवतं, हे स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलंय. पहिली नोकरी, लग्न, पहिलं घर, सगळं तेव्हाच घडतं. माझं म्हणणं एवढंच की सत्तरीतसुद्धा एखादं "पहिलं" असावं.

शुभांगी_वाई:

कुणी आयुर्वेदाचं नाव का घेत नाही? खाजकुयलीच्या बियांमध्ये, म्हणजे कपिकच्छूमध्ये, नैसर्गिक लेव्होडोपा असतं. आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी ते १९३७ मध्ये बियांतून वेगळं करून दाखवलं होतं. शरीरात त्याचंच डोपामीन होतं. रोज चमचाभर चूर्ण दुधातून दिलं तर वर्ग, मोडी, कशाचीच गरज नाही. माझ्या सासूबाई घेतात.

रात्रपाळी:

शुभांगीताई, लेव्होडोपाचं खरं आहे, आणि नेमकं म्हणूनच हात जोडून सांगते, मनाने देऊ नका. ते पार्किन्सनच्या आजारावरचं औषध आहे. लंडनमध्ये निरोगी ज्येष्ठांना लेव्होडोपा देऊन एक प्रयोग झाला होता, २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांना चित्रं दाखवून सहा तासांनी विचारलं. वजनाच्या मानाने मधल्या मात्रेत फायदा दिसला, पण मात्रा कमी किंवा जास्त झाली की तो दिसेना. चमचाभर चूर्णात किती गेलं, हे तुम्ही कसं मोजणार? पार्किन्सनच्या गोळ्या चालू असतील तर मात्रेत मात्रा मिसळते. डोपामीनसारखं काम करणाऱ्या काही गोळ्यांनी जन्मभर काटकसर केलेली माणसं जुगाराच्या नादी लागलेली आहेत. सासूबाईंच्या डॉक्टरांना चूर्णाचं आजच सांगा.

तात्यांचा धाकटा:

चूर्णाचं बाजूला ठेवू. मूळ मुद्द्यावर माझी शंका अजून आहे. अमेरिकेत डेनिस पार्क या संशोधिकेने ६० ते ९० वयाच्या दोनशेवर लोकांचा अभ्यास केला, २०१४ साली आला. काहींना रजया शिवायला, काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली. काहींनी नुसत्या गप्पा आणि सहली केल्या. स्मरणशक्ती सुधारली ती शिकणाऱ्यांची, विशेषतः फोटोग्राफीवाल्यांची. ताईंच्या बाजूचाच अभ्यास आहे, मान्य. पण आठवड्याला पंधरा तास, तीन महिने! माझी मावशी अजून शेतात खुरपायला जाते. तिचे पंधरा तास कोण देणार?

शिवाय वाचन, वाद्य, नृत्य करणाऱ्या वृद्धांना डिमेन्शिया कमी होतो, असं जे सांगतात त्यात कशामुळे काय झालं? तात्यांनी निदानाच्या चार वर्षं आधी पेपर वाचणं सोडलं होतं. वाचणं सोडलं म्हणून आजार झाला, की आजार आतून सुरू झाला होता म्हणून वाचणं सुटलं? मला दुसरं वाटतं. आणि मग लोक आम्हाला म्हणतात, तुम्ही त्यांना गुंतवून ठेवलं नाहीत. हे ऐकायला फार जड जातं.

कृष्णाकाठची:

दादा, माफ करा. "मोडाच" लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त आई होती. मेंदू आजारी नसेल आणि माणूस स्वतःहून पुढे होत असेल, तिथपुरतंच माझं म्हणणं धरा. तात्यांचा आजार कुणाच्या दुर्लक्षाने झाला, असं मला मुळीच म्हणायचं नाही.

आईच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. परवा तिने सांगितलं की तो कागद खरेदीखत आहे आणि त्यात एका विहिरीचा उल्लेख आहे. विहीर बघायला म्हणून ती एकटी एसटीने गेली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा.

तात्यांचा धाकटा:

काल घडलेलं लिहितो, पुरावा म्हणून नाही. माझा सातवीतला मुलगा गावी तात्यांच्या खाटेवर बसून अडीचकी म्हणत होता. मुद्दाम की चुकून माहीत नाही, पण म्हणाला, "सात अडीच साडेसोळा." तात्या ताडकन उठून बसले. "साडेसतरा!" पोराने मग आणखी चार ठिकाणी चुका केल्या आणि तात्यांनी चारही पकडल्या. पितळी पेल्यातला चहा गार झाला.

आज सकाळी मी दाढी करत होतो, तर मागून म्हणाले, "त्या पोराचं अडीचकीचं कच्चं आहे. रोज पाठव त्याला."

आदल्या दिवशीचं काही त्यांनी सांगावं, असं वर्षभरात झालं नव्हतं. एका सकाळवरून मी मत बदलत नाही. खाट आणि मोरी आहे तिथेच राहील. पोराला मात्र उद्या परत बसवतो, आणि सवायकी घ्यायला सांगतो.