ध्वनिमुद्रण असताना मैफल कशासाठी?

प्रश्न (सांगली): उत्तम ध्वनिमुद्रणे घरबसल्या ऐकता येत असताना मिरजेच्या दर्ग्यातील संगीत सभेला रात्री जागवण्याचे मोल कोणते, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (मिरज): किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या काळातील, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम ३ मिनिटे मावत, तो रागाचा अर्क मौल्यवानच आहे, परंतु सावकाश उलगडणाऱ्या आलापीत श्रोत्यांच्या दादेमुळे गायकाला ऐनवेळी सुचणारी सुरांची जागा त्या तबकडीत कशी येणार? हवेतील ओलाव्याने उतरलेला तंबोरा पुन्हा जुळवताना सभा थांबते, आणि ते थांबणेही मला ऐकण्याचाच भाग वाटते.

उत्तर (सांगली): पटते. तरीही १९३७ साली निवर्तलेल्या खाँसाहेबांचा स्वर मला त्या तबकड्यांमुळेच लाभला, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो.