दहा मिनिटं 'इज' की 'आर'?

वरती 'टेन मिनिट्स इज इनफ' बरोबर का 'आर' असा प्रश्न आलाय, आणि 'मिनिट्सला एस लागलाय म्हणजे आरच' असं उत्तर दिलंय, ते मला पटत नाही. इथे दहा वेगवेगळी मिनिटं मोजायची नसतात, तेवढा वेळ मिळून एकच गोष्ट धरलेली असते, म्हणून 'इज'. तसंच 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज टू मच', 'टेन किलोमीटर्स इज अ लाँग वे'. आपण चुकतो कारण मराठीत आपण 'दहा मिनिटं पुरेत', 'पाचशे रुपये लागले' असं सरळ अनेकवचन वापरतो आणि तेच डोक्यात घेऊन इंग्रजी लिहितो. माझ्या मुलीच्या वहीत परवा हेच 'आर' होतं, तिला म्हटलं अगं मिनिटं मोजू नकोस, वेळ बघ, लगेच कळलं तिला.

पण सरसकट 'इज' पण नको हं. 'थ्री इअर्स इज अ लाँग टाइम' पण 'थ्री इअर्स हॅव पास्ड', कारण वर्षं एकेक करून सरली ना.

आणि 'टू थर्ड्स ऑफ' आलं की पुढचा शब्द बघायचा, 'ऑफ द वॉटर इज', 'ऑफ द स्टुडंट्स आर'. हे मात्र आपल्यासारखंच आहे, 'दोन किलो साखर सांडली' म्हणतो आपण, क्रियापद साखरेचं, किलोचं नाही. 'अ नंबर ऑफ पीपल आर' आणि 'द नंबर ऑफ पीपल इज' हा फरक तर मुलांकडून दहादा लिहून घ्या, परीक्षेत हमखास तिथेच मार्क जातात.